आधी अंदाज, मग आलेख

प्रिय छोट्या मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

रोज आलेख काढतेस, संगणकावर आकृत्या हलवून पाहतेस, कोडीही सोडवतेस, आणि तरी कोरा कागद समोर आला की काही सुचत नाही, असं तू लिहिलं आहेस. यात तुझी बुद्धी कुठं कमी पडत नाही, फक्त क्रम चुकतो आहे. समीकरण टंकायचा अवकाश, की वक्र पडद्यावर हजर. प्रश्न मनात नीट उभा राहायच्या आत उत्तर येऊन बसतं, आणि जे दिसलं ते समजलं असं वाटू लागतं.

म्हणून पडदा उघडण्याआधी वहीत पेन्सिलीनं कच्चा आलेख काढत जा. समज, य = क्ष³ − ४क्ष आहे. (यंत्रात टंकताना रोमन अक्षरं वापरावी लागतील, इथं आपण क्ष आणि य म्हणू.) अवयव पाड: क्ष(क्ष − २)(क्ष + २). म्हणजे आलेख आडव्या अक्षाला −२, ० आणि २ या तीन ठिकाणी छेदणार. क्ष खूप मोठा केला की क्ष³ चं राज्य, म्हणून उजवं टोक वर जाणार आणि डावं खाली. क्ष च्या जागी −क्ष घातलं तर फक्त चिन्ह बदलतं, म्हणून आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवला तरी आलेख तसाच राहणार. क्ष = १ घेतलं की −३ मिळतात, म्हणजे ० आणि २ च्या मध्ये आलेख अक्षाखाली आहे. एवढ्यावर आकार हाताशी येतो. आता एक प्रश्न स्वतःलाच विचार: ० आणि २ च्या मध्ये सर्वांत खोल जागा कुठं असेल? बहुतेक जण १ म्हणतात, बरोबर मध्यावर. तू काय म्हणतेस ते लिही आणि मगच यंत्रावर बघ. ती जागा १.१५ च्या आसपास सापडते आणि खोली ३.०८ च्या आसपास.

हा फरक का पडला? क्ष(क्ष − २) हा भाग १ च्या दोन्ही बाजूंना सारखा आहे, पण त्याला गुणणारा (क्ष + २) उजवीकडे जाताना वाढत जातो, म्हणून खोलगट भाग उजवीकडे ओढला जातो. हे एक वाक्य वहीत लिहिणं हाच खरा अभ्यास. चुकलेला अंदाज खोडू नकोस. त्याच चौकटीत दुसऱ्या रंगानं खरा आलेख काढ आणि खाली कारण लिही. कारण सापडत नसेल तर तिथं प्रश्नचिन्ह ठेव. ती प्रश्नचिन्हं आठवड्यानं पुन्हा उघडायची.

आता स्लायडरबद्दल, म्हणजे समीकरणातल्या अक्षराची किंमत कमी-जास्त करणाऱ्या पडद्यावरच्या सरकपट्टीबद्दल. बहुतेक जण सगळे स्लायडर एकदम हलवतात. वक्र नाचतो, गंमत वाटते, हाती काही लागत नाही. एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे बांधून ठेवायचे, आणि हलवण्याआधी काय होईल ते बोलायचं. य = अ×क्ष² + ब×क्ष + क घे. तिन्ही स्लायडरांची मर्यादा −५ ते ५ ठेव, पायरी ०.१. सुरुवातीला अ = १, ब = ०, क = १.

क वाढवला की अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, जसाच्या तसा वर सरकतो. हे सोपं आहे. अ वाढवला की तो अरुंद होतो, शून्याकडे नेला की पसरत जातो, शून्यावर सरळ रेषा होते आणि ऋण झाला की उलटा होतो. शून्यावर क्षणभर थांब, कारण वर्गसमीकरणाच्या व्याख्येत ‘अ शून्य नसावा’ ही अट का असते ते तिथं डोळ्यांना दिसतं.

खरी मेजवानी ब मध्ये आहे. तो हलवला की वक्र डावीकडे किंवा उजवीकडे सरकेल असं वाटतं. तसा तो सरकतोही, पण त्याच वेळी खालीही उतरतो. शिरोबिंदूला, म्हणजे वक्र जिथं वळतो त्या टोकाला, (−ब/२अ, क − ब²/४अ) असा ठिपका दे. जिओजेब्रा या संगणकावरच्या गणिताच्या साधनात ठिपक्याचा माग चालू करता येतो. आता ब सावकाश −५ पासून ५ पर्यंत ने. ठिपक्यांची रांग दुसराच एक अन्वस्त काढते, उलटा: य = १ − क्ष². कागदावर पडताळून बघ. अ = १ असताना शिरोबिंदूचा क्ष म्हणजे −ब/२, म्हणून ब = −२क्ष. ते मूळ समीकरणात घाल: क्ष² − २क्ष² + १ = १ − क्ष². जुळलं. आणखी एक गोष्ट बघ. ब काहीही असो, प्रत्येक वक्र (०, १) मधूनच जातो, कारण क्ष = ० असताना ब ला काही काम उरत नाही. त्या बिंदूपाशी वक्राचा चढ मात्र बरोबर ब इतका असतो. म्हणजे ब वक्राला नुसता सरकवत नाही, तो त्या खिळ्यापाशी वक्राचा कल बदलतो. हे एकदा दिसलं की ‘क्ष चा सहगुणक’ हे नुसतं नाव राहत नाही. या एका समीकरणावर अख्खी संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असं समजू नकोस.

पडदा फसवतो कसा, हेही शिकायला हवं. य = क्ष³ − १००क्ष हे दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशा खिडकीत बघ. तीन जवळजवळ उभ्या रेघा दिसतील, त्यातल्या दोन अगदी कडेला, आणि मधला सगळा डोंगर-दरीचा आकार गायब. त्याचं शिखर ३८५ च्या आसपास उंचीवर आहे आणि दरी तितकीच खोल. उभा अक्ष −५०० ते ५०० कर, मग आकृती बोलू लागेल. म्हणून आधी दोन-तीन किमती हातानं काढायच्या आणि त्यावरून खिडकी ठरवायची. तसंच, २ चा क्ष घात आणि क्ष² हे दोन आलेख किती ठिकाणी छेदतात? नेहमीच्या खिडकीत दोन छेद दिसतात, एक −०.७७ जवळ आणि एक २ वर. तिसरा ४ वर आहे, पण त्याची उंची १६, म्हणून तो चौकटीबाहेर राहतो आणि कित्येकांच्या उत्तरातूनही.

अक्षांची मापं असमान झाली की वर्तुळ अंड्यासारखं दिसतं आणि लंब रेषा लंब वाटत नाहीत. अशा वेळी सूत्रावर शंका घेण्याआधी मापं तपास. साइनचा आलेख सपाट आडव्या रेघेसारखा आला तर यंत्र रेडियनऐवजी (हे कोन मोजायचं दुसरं एकक) अंशांवर आहे, कारण १० अंशांचा साइन जेमतेम ०.१७ असतो. (क्ष² − १)/(क्ष − १) टंक. पडद्यावर अखंड सरळ रेषा दिसेल, पण क्ष = १ ला तिथं एक बिंदू नाही. यंत्र ठरावीक बिंदूंवर किमती काढून ते जोडतं, एका बिंदूचं भोक त्याच्या रेघेत मावत नाही. साइन(१/क्ष) शून्याजवळ मोठं करून बघ, रंगाचा नुसता गठ्ठा दिसेल. तिथं वक्र दर अंतराला इतके हेलकावे खातो की जोडायला बिंदूच पुरत नाहीत.

साधनं फार नकोत. फलांच्या आलेखांसाठी डेसमॉस, भूमितीसाठी जिओजेब्रा, संख्यांच्या क्रमिकांसाठी कुठलंही स्प्रेडशीट, आणि आलेख-कागदाची वही. जिओजेब्राचं काम मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. त्या नावातच भूमिती आणि बीजगणित एकत्र आहेत: बिंदू ओढला की शेजारी समीकरण बदलतं. भूमितीत याचा उपयोग असा कर. नजरेच्या अंदाजानं चार बिंदू ठेवून चौरस काढ आणि एक कोपरा ओढ, चौरस मोडेल. आता रेख एबी काढ, ए आणि बी मधून तिला लंब काढ, ए केंद्र आणि एबी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढ, त्याच्या आणि ए वरच्या लंबाच्या छेदातून एबीला समांतर रेषा काढ. आता ए ओढ किंवा बी ओढ, चौरस चौरसच राहतो. जे ओढूनही टिकतं ते गुणधर्मावर उभं आहे, जे मोडतं ते योगायोगानं जमलेलं होतं.

मग कुठलाही वेडावाकडा चौकोन काढ आणि त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमानं जोड. समांतरभुज चौकोन मिळतो. शिरोबिंदू आत ढकल, बाजू एकमेकींवरून जाऊ देत, तरी तो टिकतो. पण हजार वेळा टिकला म्हणून सिद्ध झाला असं नाही. मूळ चौकोनाचा एक कर्ण काढ, त्रिकोणातला मध्यबिंदूंचा प्रमेय लाव, आतल्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या निघतात. सिद्धता दोन ओळींची, पण ओढून बघितल्याशिवाय तो कर्ण काढायचं सहसा सुचत नाही.

कोड्यांकडे वळू. एक कोडं तू कात्री घेऊन करावंस अशी माझी फार इच्छा आहे. ८×८ चौकटींचा चौरस घे. वरच्या तीन ओळी कापून वेगळ्या कर आणि ती ३×८ पट्टी कर्णावर काप, दोन काटकोन त्रिकोण मिळतील. उरलेल्या ५×८ तुकड्याच्या वरच्या कडेवर डावीकडून ३ वर खूण कर, खालच्या कडेवर ५ वर, आणि त्या खुणा जोडणाऱ्या रेषेवर काप. दोन समलंब चौकोन मिळतील. आता हे चार तुकडे ५×१३ च्या आयतात मांड: त्रिकोणाची ३ ची बाजू समलंबाच्या ३ च्या बाजूला लाव, उरलेली जोडी उलटी करून वर ठेव. ६४ चौकटींच्या ६५ झाल्या!

इथं लगेच उत्तर शोधू नकोस. आलेख-कागदावर (०, ०), (८, ३) आणि (१३, ५) हे बिंदू मांड आणि चढ काढ. त्रिकोणाच्या कर्णाचा चढ ३/८, म्हणजे ०.३७५. समलंबाच्या तिरप्या बाजूचा २/५, म्हणजे ०.४. दोन्ही एका रेषेत नाहीतच. मधे (०, ०), (८, ३), (१३, ५), (५, २) असा अतिशय बारीक समांतरभुज चौकोन मोकळा राहतो आणि त्याचं क्षेत्रफळ ८×२ − ५×३, बरोबर १. कात्रीच्या जाडीत तो लपून जातो. मग हेच १३×१३ आणि ८×२१ घेऊन कर. १६९ आणि १६८, आता एक चौकट कमी, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढतात. ५, ८, १३, २१ या संख्यांत काय नातं आहे ते तूच शोध.

दुसरं कोडं घाई करणाऱ्यांसाठी औषध आहे. वर्तुळावर बिंदू घे आणि प्रत्येक जोडी जीवेनं जोड. १ ते ५ बिंदूंना वर्तुळाचे १, २, ४, ८, १६ भाग पडतात. सहाला ३२ लिहून मोकळं व्हावंसं वाटेल. मोजून बघ, ३१ येतात. बिंदू समान अंतरावर घेतलेस तर ३०च येतील, कारण तीन जीवा मध्यावर एकाच बिंदूत भेटतात. जिओजेब्रात एक बिंदू जरासा ओढ, मधोमध एक इवलासा त्रिकोण उघडेल. आणि ३१ का? प्रत्येक जीवा एक भाग वाढवते आणि आतला प्रत्येक छेदनबिंदू आणखी एक: १ + १५ + १५. छेदनबिंदू १५ च का, हे मी सांगत नाही. एका छेदनबिंदूला वर्तुळावरचे किती बिंदू लागतात, तिथून सुरुवात कर.

अडलीस तर अर्धा तास दे, लहान आकडे घेऊन बघ, मग वही मिटून ठेव आणि दुसऱ्या दिवशी उघड. उत्तर वाचायचंच झालं तर एकेक ओळ वाचून पान झाक. वेळेच्या शर्यतीवर चालणारी कोडी सध्या बाजूला ठेव. त्यांत आठवण आणि वेग पणाला लागतो, कारण शोधायला उसंत मिळत नाही.

पुढच्या पत्रासाठी एक काम देते. २ चा क्ष घात आणि क्ष चा १० वा घात, हे आलेख किती ठिकाणी छेदतात? पडदा न उघडता अंदाज लिही. दोन छेद −१ आणि १ च्या आसपास सहज सापडतील. आणखी एक ५८ आणि ५९ च्या मध्ये आहे, पण त्याची उंची अठरा अंकी आहे, कुठल्याच सोयीच्या खिडकीत ती मावणार नाही. धन क्ष साठी दोन्ही बाजूंचा लॉगरिदम घेऊन समीकरण बदल आणि तो छेद साध्या खिडकीत आणून दाखव. मला वहीचं पान पाठव, खाडाखोडीसकट.

तुझ्या पानाची वाट पाहते.