परागंदा म्हणजे फरार का?

प्रश्न असा आहे की ‘घोटाळा करून मालक परागंदा झाला’ असं वाचलं, तर परागंदा आणि फरार एकच का? जवळचे आहेत पण एकच नाहीत.

परागंदा मूळ फारसी, अर्थ विखुरलेला, पांगलेला. जुन्या कागदपत्रांत ‘रयत परागंदा झाली’ असं येतं तिथे कोणी गुन्हा केलेला नसतो, दुष्काळ पडला, फौजेची धाड आली, सारा झेपेना, की लोक घरदार टाकून मुलूख सोडून जायचे. म्हणजे मुळात तो उद्ध्वस्त होण्याचा शब्द आहे, आणि मला तो तसाच वापरलेला आवडतो, कर्ज बुडवून लंडनला जाऊन राहिलेल्या माणसाला परागंदा म्हटलं की उगाच त्याची कीव आल्यासारखं वाटतं.

फरारी मात्र कायद्याशी बांधलेला. अरबीत फिरार म्हणजे पळून जाणं, आपल्याकडे ‘आरोपी फरार आहे’ आणि ‘फरारी आरोपी’ दोन्ही चालतं, बाई असो वा पुरुष, रूप बदलत नाही. वॉरंट निघूनही माणूस लपून बसला तर कोर्ट जाहीरनामा काढतं, हजर व्हायला किमान 30 दिवस देतं, तो जाहीरनामा गावात सगळ्यांसमोर वाचतात, त्याच्या घरावर चिकटवतात, आणि पुढे मालमत्तेवर जप्तीही येते. 2018 च्या कायद्यात तर ‘फरार आर्थिक गुन्हेगार’ असा वेगळा प्रकारच केलाय, 100 कोटी किंवा त्याहून जास्त रकमेच्या प्रकरणांसाठी, आणि जानेवारी 2019 मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने विजय मल्ल्याला त्याखाली पहिल्यांदा तसं घोषित केलं. हिंदी चॅनलवाले ह्यालाच भगोडा म्हणतात, मराठीत फरारी असताना तो आणायची काहीच गरज नाही.

पसार वेगळा. चेन ओढून बाइकवरून सटकले ते पसार झाले, फक्त जागेवरून निसटले, मग केस होऊन पोलिसांना गुंगारा देत राहिले की फरारी.

तडीपार तर ह्या यादीत घालूच नका, त्याला पोलिसांनीच आदेश काढून जिल्ह्याबाहेर घालवलेलं असतं, तो पळालेला नसतो. आणि 1942 नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारात क्रांतिसिंह नाना पाटील पोलिसांना चुकवत गावोगाव फिरले, सरकारच्या लेखी ते फरारी, पण लोक त्यांना भूमिगत म्हणायचे आणि घरात लपवून जेवू घालायचे.