बडोद्यात राहून हवामान बदलावर काम करायचं, तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वय 19, राहणं दांडिया बाजारात, एक-दोन मोर्च्यांत फलक धरून झालेत आणि आता खरं काम हवंय. माझं उत्तर: एकच जागा धरा. बडोद्यात ती विश्वामित्री नदीच्या काठावर सापडेल.

जागेचा आग्रह का, ते दोन निकालांवरून कळतं. 2017 मध्ये नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडेने सरकार हवामानाबाबत पुरेसं करत नाही म्हणून राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज केला. 2019 मध्ये तो फेटाळला गेला. त्याच लवादाने मे 2021 मध्ये विश्वामित्रीचं पूरक्षेत्र आणि काठची कोतरं (पाण्याने कापलेल्या घळी) राखण्याचे आदेश दिले. फरक हा की या दुसऱ्या प्रकरणात ठरावीक एक नदी होती, बोट ठेवून दाखवता येतील असे मातीचे भराव होते. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे पाऊस जोराने कोसळतो. ते पाणी ज्या कोतरांत पसरायचं ती बुजवली, तर ते वस्तीत शिरणारच. ऑगस्ट 2024 चा पूर तुम्ही पाहिलाच असेल.

आधी नोंद करा. पुलावरचा किंवा रस्त्यावरचा एक बिंदू ठरवा आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने फोटो घ्या, फोनचं लोकेशन चालू ठेवून. मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाण निघून जातं, आणि पुढे फोटो पुरावा म्हणून देताना लागणारं प्रमाणपत्र जोडायला अडचण होते. गूगल अर्थवरची त्या जागेची जुनी चित्रं काढा, एनीआरओआर (AnyROR) या गुजरातच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून सर्व्हे नंबर शोधा. पाण्याच्या कडेला मात्र उतरू नका. नदीत मगरी आहेत, आणि उन्हाळ्यात त्या काठाच्या मातीत अंडी घालतात.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते ‘भराव का होऊ दिला?’ असं विचारतात. कायदा फक्त दप्तरात असलेला कागद देतो, कारणमीमांसा नाही. म्हणून असं मागा: ‘सर्व्हे नंबर अमुक, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माती टाकण्यास दिलेल्या परवानग्या, स्थळपाहणीचे अहवाल आणि नोटिसा यांच्या प्रती.’ एका अर्जात एकच विषय ठेवा. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत करा, मराठीत चालणार नाही. गुजरातमधल्या राज्य कार्यालयांसाठी आणि महापालिकेसाठी शुल्क 20 रुपये, केंद्राच्या कार्यालयांसाठी 10. फाइल जाडजूड असेल तर प्रती मागण्याआधी ती प्रत्यक्ष पाहायला मागा, तोही तुमचा हक्क आहे. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्जाची पोच हरवली तर अपिलाला आधारच उरत नाही, तेव्हा तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

हरित लवादासाठी वेगळं घड्याळ चालतं. पर्यावरणाच्या वादाचा अर्ज, वाद ज्यावरून उभा राहिला ती गोष्ट पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. म्हणूनच भराव पहिल्यांदा दिसला ती तारीख वहीत असायला हवी. बडोद्याची प्रकरणं पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे जातात. पहिल्या अर्जाच्या वेळी अनुभवी वकील सोबत घ्या.

मोर्चा काढायचा असेल तर पोलीस आयुक्तालयाची परवानगी लेखी घ्या. शहरात जमावबंदीचे आदेश अनेकदा लागू असतात, आणि या वयात गुन्हा नोंदला गेला तर पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत तो आडवा येऊ शकतो.

सोबत कारखान्यांच्या पर्यावरणीय जनसुनावण्यांवरही लक्ष ठेवा. पर्यावरणीय मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार लोकांना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रातून सूचना द्यावी लागते, आणि कारखान्याच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश गुजरातीतही उपलब्ध असतो. अहवालातले पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची विल्हेवाट हे भाग आधी वाचा. सुनावणीत बोलणं स्थानिक बाधितांसाठी असतं, पण लेखी हरकत इतरांनाही पाठवता येते. ती मुद्देवार लिहा, प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालाचा पान क्रमांक टाका.