वाचकांचे प्रश्न : निल गावात घर मिळेल का?

प्रश्न : मुलाला ऑस्ट्रेलियातील निल या गावी नोकरी मिळाली आहे. तिथे घर सहज मिळेल का?

उत्तर : मेलबर्न आणि ॲडलेड यांच्या साधारण मध्यावर, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या या सुमारे २,००० वस्तीच्या गावात घरांच्या किमती मेलबर्नच्या मानाने बऱ्याच कमी आहेत, मात्र भाड्याची घरे मोजकीच असल्यामुळे राहण्याची सोय झाल्याखेरीज मुलाने निघू नये, असे आम्हांला कळकळीने सांगावेसे वाटते.

२०१० पासून म्यानमारमधील कारेन या वांशिक गटातील निर्वासित कुटुंबे तेथील बदकमांस प्रक्रिया कारखान्यात कामाला लागून स्थायिक झाली. गावकऱ्यांनी त्यांना इंग्रजी शिकवले, घरे शोधून दिली.  तेव्हा मुलानेही नोकरी देणाऱ्यांनाच घराविषयी आधी विचारावे.