‘शैलींची खिचडी झालीय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

या महिन्याच्या टपालात माहितीपटांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. प्रोजेक्ट जमा करायचा मोसम दिसतोय. त्यातले चार घेतले.

प्रश्न : मी चित्रपट पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळघरावर बारा मिनिटांचा माहितीपट केला. सुरुवातीला निवेदन, मग मालकांची मुलाखत, मग तीनेक मिनिटं नुसतं काम, शेवटी वाफेचे स्लो-मोशन शॉट आणि संगीत. वर्गात दाखवल्यावर सर म्हणाले, “शैलींची खिचडी झालीय.” मैत्रीण म्हणाली, मधे कंटाळा येतो. एक जण म्हणाला निवेदन काढ, दुसरा म्हणाला वाढव. आठ दिवस झाले, प्रोजेक्ट उघडावासाच वाटत नाही.
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : शैली एकत्र येणं हा दोष नाही. बिल निकोल्स या अमेरिकी अभ्यासकाने केलेली वर्गवारी तुम्हाला शिकवली असेल. त्यांच्या १९९१च्या पुस्तकात चार प्रकार होते, २००१च्या पुस्तकात सहा झाले. वर्गवारी करणाऱ्यालाच कप्पे वाढवावे लागले, तेव्हा त्यांना सोवळ्यात ठेवायचं कारण नाही.

तुमच्याच गुऱ्हाळावर हे सहा प्रकार लावून बघा. निवेदक गुळाचा भाव, उसाचा दर सांगतो आणि चित्र त्याला पुरावा देतं, ही विवेचनात्मक शैली. एक आधण, म्हणजे काहिलीभर रस, चुलवाणावर चढल्यापासून गूळ वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या हौद्यात, ओतेपर्यंत मधे न बोलता बघत राहणं ही निरीक्षणात्मक. बाजेवर बसून तुम्ही मालकांना विचारताय, तुमचा आवाज ऐकू येतोय, तुमच्या प्रश्नाने ते गडबडतायत, ही सहभागी. वाफ, जाळ, चिपाडांचा ढीग यांच्या लयीवर बांधलेला भाग काव्यात्म. ‘हा शॉट आम्ही त्यांना पुन्हा करायला लावला’ असं चित्रपटच कबूल करतो, ती आत्मचिंतनात्मक. आणि तुमच्याच घरचा ऊस या गुऱ्हाळात येत असेल, नि त्या नात्याच्या बाजूने तुम्ही सांगत असाल, तर ती सहावी, परफॉर्मेटिव्ह. या शब्दाला मराठीत अजून चांगला पर्याय रुळलेला नाही.

तुमच्या चित्रपटात यांतल्या चार आहेत. अडचण अशी की प्रत्येक शैली प्रेक्षकाला वेगळं काम देते, आणि ते काम बदललं हे तुम्ही त्याला कळवलेलंच नाही. पहिल्या मिनिटाला निवेदक म्हणतो, ‘तुम्ही बसा, मी सांगतो.’ पाचव्या मिनिटाला तो नाहीसा होतो, आणि आता बघून अर्थ लावायचा असतो प्रेक्षकाने. तो बिचारा अजून कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेला. त्या थांबण्यालाच तुमची मैत्रीण कंटाळा म्हणतेय. सरांचा शेरा आणि तिचा शेरा एकच आहे. निवेदन काढ आणि वाढव म्हणणाऱ्या दोघांनाही तेच खुपलंय, औषधं मात्र उलटसुलट दिलीयत.

आता दुरुस्ती. आधी संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनची प्रत काढा, तिला नवा क्रमांक द्या आणि जुन्या प्रतीला हात लावू नका. मोडलं तरी मूळ शाबूत आहे हे माहीत असलं की प्रोजेक्ट उघडायची भीती निम्मी होते. मग चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून : नुसत्या चित्रावरून काय चाललंय ते कुठवर कळतं? दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून : जे ऐकू येतंय त्यातलं किती चित्रात आधीच दिसतं? ‘गुळव्या (गूळ करणारा कारागीर) रसावरची मळी काढतो’ हे वाक्य आणि मळी काढणारा झारा एकाच वेळी असतील, तर वाक्य गेलं. निवेदनाने चित्राला न दाखवता येणारं तेवढं सांगावं : भाव, कर्ज, गेल्या वर्षी काय झालं, वगैरे. मराठी निवेदन मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांवर गेलं की कानाला दमवतं. बारा मिनिटांत सगळं मिळून तीनशे शब्द पुष्कळ झाले.

तुमच्या वर्णनावरून कणा निरीक्षणाचा ठेवावा असं आमचं मत आहे, कारण गुऱ्हाळात काळाचा सांगाडा आयता मिळतो. एका आधणाला साधारण अडीच-तीन तास लागतात. चरकातून रस, चुलवाणाला जाळ, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, भेंडीचं पाणी, मळी, मग रस घट्ट होणं, थोडा पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघणं, वाफा, ढेप. गूळ नेमका कधी उतरवायचा, या प्रश्नावर प्रेक्षक आपोआप पुढे सरकतो. मालकांची मुलाखत एका जागी सलग ठेवू नका. त्यांचा आवाज कामावर पसरा आणि चेहरा दोन-तीनदाच दाखवा. वाफेचे स्लो-मोशन शॉट ठेवायचेच असतील, तर त्यातला एक पहिल्या दोन मिनिटांत आणा. मग शेवटी ते परके वाटणार नाहीत. तिथलं संगीत मात्र एकदा पूर्ण काढून बघा. काहिलीतल्या रसाचा रटरट आवाज चांगला ध्वनिमुद्रित झाला असेल, तर संगीताची गरजच पडणार नाही.

तरीही कंटाळा उरला, तर बहुधा ऐवज अपुरा आहे. अशा चित्रीकरणात सामान भरपूर असतं, माणसांचे चेहरे कमी. गोळी हातात घेतल्यावर गुळव्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आहे का तुमच्याकडे? नसेल तर एक दिवस परत जा. प्रत्येक शॉट किमान वीस सेकंद धरा. हात, चेहरा आणि बघणारे, हे तिन्ही घ्या. वाफेजवळ जाण्याआधी कॅमेरा झाकण लावून थोडा वेळ तिथल्या उष्णतेत राहू द्या, नाहीतर थंड काचेवर दव धरतं आणि मोक्याच्या क्षणी सगळं धूसर. निघण्यापूर्वी चरक चालू असतानाचा आणि बंद असतानाचा, असा मिनिट-मिनिटभर नुसता परिसराचा आवाज घ्या. संकलनात जोड लपवायला तोच लागतो.

प्रश्न : कच्चं संकलन दाखवल्यावर प्रत्येक जण वेगळं बोलतो. मी लगेच उत्तरं देत बसतो, वाद होतो आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. टीका घ्यायची काही पद्धत आहे का?
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : आहे, आणि तिचा पहिला नियम तुम्हाला जड जाणार : दाखवण्याआधी आणि दाखवल्यावर खुलासा करायचा नाही. ‘इथे पाऊस आला म्हणून’ हे वाक्य चित्रपटगृहात तुमच्या वतीने कुणी म्हणणार नाही.

सहा-सात जण बोलवा. त्यातल्या दोघांना तरी विषयाची काडीचीही माहिती नसावी. चित्राच्या कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे चालू मिनिट-सेकंदांचा आकडा, उमटवून घ्या. आवाजाची पातळी आधीच नीट लावा, नाहीतर निम्मा वेळ ‘ऐकू येत नव्हतं’ यात जाईल. तुम्ही पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत बसा, बाजूला, अंधारात. कोण कुठे चुळबुळला, कुणी मोबाईल काढला, कुठे हसले, याच्या वेळा टिपा. संपल्यावर लोक सभ्यपणे बोलतात. चुळबुळ सभ्य नसते.

मग विचारायचं, पण ‘आवडला का?’ सोडून. काय लक्षात राहिलं? कुठे गोंधळ झाला? हा चित्रपट कुणाचा वाटला? कुठे वाटलं की आता संपला? शेवटचा प्रश्न फार कामाचा. सातांपैकी चौघांना दहाव्या मिनिटाला संपल्यासारखं वाटलं असेल, तर पुढची दोन मिनिटं तुमच्या लाडाची आहेत. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९०च्या सुमारास याच कामासाठी चार पायऱ्यांची पद्धत घालून दिली. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी तटस्थ प्रश्न विचारायचे, ज्यांच्या आत मत दडलेलं नाही असे. सगळ्यात शेवटी, परवानगी घेऊन, मत. ‘एवढं लांब का ठेवलं?’ हा प्रश्न नाही, मत आहे. ‘हा प्रसंग किती लांब असावा, हे कसं ठरवलं?’ हा प्रश्न. आपल्या वर्गांत चौथ्या पायरीपासूनच सुरुवात होते.

ध्वनिमुद्रण करून ठेवा आणि दोन दिवसांनी ऐका. कागदावर रकाने पाडा : वेळ, काय म्हणाले, किती जणांनी म्हटलं, मी काय करणार. एकाच जागी तिघांनी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी बिघडलंय हे धरून चाला, पण उपाय त्यांचा घेऊ नका. दुखणं सांगण्यात प्रेक्षक सहसा चुकत नाही, औषध सांगण्यात बहुतेकदा चुकतो. बरं, दुखणं जिथे जाणवतं तिथेच असतं असंही नाही. सातव्या मिनिटाला ‘हा माणूस कोण?’ असं सगळे विचारत असतील, तर कात्री लावायची जागा तिसऱ्या मिनिटाला आहे, जिथे तुम्ही त्याची ओळख करून दिली नाही.

‘मी असतो तर हे त्या मजुराच्या मुलीच्या नजरेतून केलं असतं’ ही टीका नव्हे. तो त्यांचा चित्रपट आहे, त्यांना करू द्या. बाकीच्या बदलांतला एका वेळी एकच करा. पाच एकदम केलेत, तर सुधारणा कशाने झाली ते कळायचं नाही.

प्रश्न : गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून ‘हायड्रॉस’ घालतात, असं गुऱ्हाळातला एक कामगार कॅमेऱ्यासमोर बोलून गेला. मालकांनी कच्चं संकलन पाहिलं, आता ते वाक्य काढा म्हणतात. चित्रीकरणाला परवानगी त्यांनीच दिली होती. ही टीका मानायची का?
— विद्यार्थी, सांगली

उत्तर : दाखवलंत हे चांगलं केलंत. पॅरिसमध्ये १९६०च्या उन्हाळ्यात चित्रित झालेल्या ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ या फ्रेंच माहितीपटात दिग्दर्शक झाँ रूश आणि एदगार मोराँ यांनी संकलित भाग त्यातल्याच माणसांना दाखवला आणि त्यांचं भांडणही चित्रपटात ठेवलं. कुणाला ते खोटं वाटलं, कुणाला नको इतकं उघडं. ही वाट तुम्हालाही मोकळी आहे : मालकांचं म्हणणं कॅमेऱ्यावर घ्या आणि त्या वाक्याशेजारी ठेवा.

पण त्याआधी दोन गोष्टी. बोललेलं खरं आहे का? हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गुळाचा रंग उजळायला ते वापरतात हे खरं. पण ‘घालतात’ म्हणजे इथे, या काहिलीत, की सगळीकडे असं ऐकलंय? कामगाराला पुन्हा विचारा. तो मोघम असेल, तर एका गुऱ्हाळाच्या चित्रावर ते वाक्य ठेवणं म्हणजे तुम्ही न तपासलेला आरोप करणं. तसं असेल तर काढा, आणि कमीपणा मानू नका.

दुसरी गोष्ट मालकांच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे : त्या कामगाराची रोजी. परवानगी मालकांची घेतलीत, त्याची घेतलीत का? त्याला एकट्याला ते दृश्य दाखवा आणि विचारा. तो नको म्हणाला तर वाक्य जाईल, कितीही मोलाचं असलं तरी. चेहरा धूसर करून भागणार नाही. चार जणांच्या गुऱ्हाळात आवाजावरून कोण ते लगेच कळतं. वाक्य खरं आहे आणि कामगाराची हरकत नाही, मालकांना फक्त आपली छबी खराब दिसतेय, असं असेल तर त्यांचं ऐकून घ्या, त्यांची बाजू नोंदवा आणि वाक्य ठेवा. पुढच्या वेळी संमतिपत्रात आधीच लिहा की कच्चं संकलन दाखवू, तथ्याच्या चुका दुरुस्त करू, अंतिम संकलनाचा निर्णय मात्र आमचा.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली घेतलेल्या मुलाखतीत उजेडाचे पट्टे सरकतायत. परीक्षक ‘तांत्रिक दोष’ म्हणाले.
— विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बरोबर म्हणाले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये ती लय पूर्ण बसते. तुमचं शटर बहुधा १/६० वर राहिलं असावं. अमेरिकेच्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या, मांडणीचे कॅमेरे तसेच येतात. स्वस्त एलईडी दिवे मात्र १/५० लाही दगा देतात, तेव्हा मुलाखतीआधी अर्धा मिनिट घेऊन मोठ्या पडद्यावर बघा, आणि पट्टे दिसलेच तर दिवा बंद करून खुर्ची खिडकीपाशी न्या. घेतलेल्या चित्रीकरणावर फ्लिकर, म्हणजे हे पट्टे, घालवणारं प्लगइन चालवून बघता येईल, पण पट्टे ठळक असतील तर ते पुरतं पुसत नाही. मग त्या मुलाखतीचा आवाज ठेवा आणि चित्र दुसरं लावा.