माईआजी बसत का नाही?

प्रिय चिनू,

काल लियोंहून परतताना तू गाडीत झोपून गेलास. मी मात्र जिनिव्हा येईपर्यंत तुझ्या प्रश्नापाशीच अडकले होते. ब्रासरीत वेटर कॉफीचं विचारायला आला, तेव्हा मी कोट घालून उभी होते. तू म्हणालास, "आई, आपल्यात जेवल्यावर बसायचं नसतं का? माईआजी तर कधीच बसत नाही." मी "आपल्यात शतपावली करतात" म्हणत तुला उठवलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

खरं तर ब्रासरी जॉर्ज ही उठावंसं वाटू नये अशीच जागा. 1836 पासून चालू आहे, एवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही. आपल्या शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा आपल्या आधी आलेले. त्यांचं शुक्रूत, म्हणजे आंबवलेला कोबी, झालं, मग चीज, मग गोड, मग कॉफी. आजीबाईसुद्धा आजोबांइतक्याच निवांत. तुझं केनेल म्हणजे माशाचा मऊ मुटकाच, त्याचा रस्सा तू पावाने पुसून घेतलास ते माईने बघायला हवं होतं. पानात टाकायचं नाही, हे तुला तिनेच शिकवलंय.

शतपावली म्हटलं की मला चिपळूणची पडवी दिसते. अण्णा हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून चालायला लागायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेरा पावलं, की वळायचं. मी मागून मोजत असायचे. मी दुडूदुडू चालायचे, त्यामुळे माझी शंभर आधी भरायची. अण्णा म्हणायचे, "तुझी अर्धीच धरायची." मग त्यांची वामकुक्षी. अंग जड होत नाही, हे मला आजही पटतं. तूही काल पार्क द ला तेत द'ओरमध्ये तळ्याकाठी मोठ्याने मोजलीस. 117 हेक्टरांची बाग ती, गुलाब यायच्या कितीतरी आधी शंभर संपली आणि तू विचारलंस, "आता बसू या?"

तिथेच मला आठवलं. बसायचे की आमच्याकडेही! अण्णा आणि नंदूकाका हात वाळेपर्यंत ताटावर गप्पा मारायचे. माई ताकाचं भांडं घेऊन उभी असायची. ते उठले की ती अण्णांच्याच ताटात वाढून घ्यायची, चुलीशी, एक गुडघा वर करून, पातेल्यातली भाताची खरवड उलथन्याने काढत. घास संपला की खरकटं, शेणगोळा, मग मोरीवर भांडी. मी पडवीत मोजत असायचे तेव्हा आतून भांडी वाजत असायची. माईला शतपावली करताना मी एकदाही पाहिलेलं नाही, आणि ती का करत नाही असं मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. तुला वाटलं.

म्हणून तुला सरळ उत्तर देता येत नाहीये, राजा. काल मी अण्णांसारखी चालायला उठले की माईसारखी आवरायला? तिथे आवरण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी आपल्या तिघांच्या ताटल्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बाबांनी पाहिलं, बोलले नाहीत.

शतपावली तू करच, असं माझं म्हणणं नाही. कर वाटलं तर, नको तर राहू दे. मला मात्र जेवल्यावर तुझ्याबरोबर चालायला आवडतं, एवढं सांगून ठेवते.

माई जूनमध्ये येते आहे. तिला तिथे नेऊ. भिंतीकडच्या लाल बाकावर आतली जागा तिला द्यायची आणि बाहेरच्या बाजूला तू बसायचंस, म्हणजे तिला उठता येणार नाही. कॉफी ती घेत नाही, पण गोड नक्की घेईल.

तुझी,
आई