बाल्साच्या कंट्रोल लाइन विमानाला चकचकीत फिनिश इथल्या सामानात देता येईल का?

तुम्ही विचारलंय की एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना दोरीवरचं (कंट्रोल लाइन) विमान उडवलं होतं, आता नोब्लर या जुन्या स्टंट विमानाच्या प्लॅनवरून स्वतःचं बांधताय, बाल्सा या हलक्या लाकडाचा सांगाडा झालाय. अमेरिकेतल्या मंडळींच्या विमानांवर दिसते तशी चकाकी आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या मालातून येईल का, आणि रंग कुठला घ्यावा.

येईल. पण रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. चकाकी लाकडात तयार होते, रंग ती फक्त उघडी करतो. रंगाने खड्डे भरतील या आशेवर जे हात मारत सुटतात त्यांचं विमान जड होतं आणि खड्डे तसेच राहतात.

आधी वजनाचं बोलू. नोब्लर म्हणजे जॉर्ज ऑल्ड्रिच यांचं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचं डिझाइन, पंखाचा पसारा साधारण 50 इंच, फॉक्स 35 इंजिन डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं. नाक आखूड, शेपटी लांब. त्यामुळे शेपटीवर दहा ग्रॅम रंग चढला तर तोल राखायला नाकात त्याच्या दुपटीच्या आसपास शिसं घालावं लागतं. हौसेने चढवलेलं फिनिश बघता बघता शंभर-दीडशे ग्रॅम होतं, आणि सव्वा किलोच्या विमानात तेवढं वजन चौकोनी लूपच्या कोपऱ्यावर लगेच जाणवतं. म्हणून शेपटीसाठी सगळ्यात हलकी फळी निवडा, आणि फिनिशचा प्रत्येक टप्पा झाला की किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून प्लॅनच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पंख बंद करण्याआधी बेलक्रँक, म्हणजे दोऱ्यांची ओढ एलिव्हेटरपर्यंत पोचवणारी पंखातली तरफ, पुन्हा एकदा बघा. एकदा शीटिंग (पातळ फळीचं आवरण) झालं की तिथे बोट पोचत नाही. साधा हिशोब करा: 18 मीटरच्या दोऱ्या, हात धरून त्रिज्या 19 मीटर, एक फेरी साडेपाच सेकंदांच्या आत. म्हणजे ताशी 80 किलोमीटर, आणि विमान स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त जोराने हात ओढत असतं. सव्वा किलोचं विमान म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास ओढ, तीही सरळ उड्डाणात. स्पर्धेत उडवण्याआधी वजनाच्या दहापट ताण देऊन तपासतात ते उगाच नाही. बेलक्रँकचा माउंट प्लायवुडचा आणि स्पारला (पंखाच्या मुख्य लांब पट्टीला) अ‍ॅरल्डाइटने बसवलेला हवा, नुसत्या सायनोवर (झटपट चिकटणाऱ्या गोंदावर) भरवसा नको. त्याच वेळी बाहेरच्या पंखाच्या टोकाला वजन टाकायची डबी आणि आतल्या टोकाला लीडआउट (बेलक्रँकपासून बाहेर येणाऱ्या तारा) पुढे-मागे सरकवायची सोय करून घ्या. फिनिश झाल्यावर तिथे कापाकापी करायची वेळ आली तर जीव तुटतो.

आता घासकाम. हार्डवेअरवाल्याकडे पॉलिश पेपर मागा: 220, 320, 400. बोटांनी घासू नका, बोटाखाली मऊ लाकूड जास्त झिजतं आणि रिबांच्या (पंखाच्या फासळ्यांच्या) मध्ये खोलगटपणा येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ चॅनेलला पेपर चिकटवून त्याने लांब हात मारा. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पंखाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. दिवसा न दिसलेली प्रत्येक लाट दिसते. या टप्प्याला जेवढे दिवस द्याल तेवढे ग्रॅम पुढे वाचतात.

सामानाचं म्हणाल तर परदेशात ज्याला नायट्रेट डोप म्हणतात ते मुळात नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि आपल्याकडे फर्निचर पॉलिशवाले तेच एनसी लॅकर म्हणून वापरतात. एनसी सँडिंग सीलरही त्याच दुकानात. निम्मा थिनर घालून पातळ करा, लाकडावर दोन हात द्या, प्रत्येक हातानंतर 320 ने घासून जवळजवळ सगळं काढून टाका. सीलरचा जाड थर मागे राहिला तर वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग पंख मढवायचा कागद. सिल्कस्पॅन किंवा तसला लांब धाग्यांचा टिश्यू मिळाला तर उत्तम. पतंगाचा कागद मी छोट्या विमानांच्या पुढे नेणार नाही, ओला झाला की फाटतो आणि रंग सोडतो. कागद ओला करून पंखावर अंथरा, कडेने लॅकर पाजून चिकटवा, वाळताना तो आपोआप ताणला जातो. नुसत्या लाकडाच्या भागावरही कागद लावाच. त्याने ताकद येते आणि बाल्साची रेघ वर येत नाही. त्यावर पातळ लॅकरचे चार-पाच हात. लॅकर महिनोन्‌महिने आकसत राहतं, म्हणून त्यात एरंडेल तेलाचे काही थेंब घाला आणि फ्लॅप-एलिव्हेटरच्या (पंख आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्यांच्या) दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत हात द्या, नाहीतर केळीच्या सालीसारखे वळतात.

लाकडाच्या भागांवर लॅकरमध्ये टाल्कम पावडर कालवून एक हात द्या आणि तोही घासून नाहीसा करा. उरतं ते फक्त रेघांच्या खाचांत.

आता हवामान, म्हणजे खरी आपल्याकडची भानगड. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत आणि मुंबईत लॅकरला हात लावू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि फिल्म दुधासारखी पांढरी होते. कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा, पावसाळ्यात त्याची हीच तक्रार असते. पांढरं पडलंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा बहुतेकदा ते परत आणतो. पुण्या-नागपूरकडे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सोन्यासारखे. पावसाळ्यात सांगाडे बांधा, रंग हिवाळ्यात.

रंगाआधी चंदेरी रंगाचा एक अगदी पातळ फवारा मारा. अ‍ॅल्युमिनियम पावडर एका हातात झाकते आणि राहिलेला प्रत्येक ओरखडा निर्लज्जपणे दाखवते. तो भाग दुरुस्त करा, मगच पुढे. पांढरा, पिवळा, लाल हे रंग झाकायला आळशी असतात, चार-चार हात मागतात, म्हणजे वजन. निळा आणि काळा कमी हातात काम भागवतात. माझं मत विचाराल तर आख्खं विमान एका फिक्या रंगात आणि पट्टे गडद, पण पंखाची खालची बाजू वरच्यापेक्षा स्पष्ट वेगळी. उलटं उडताना आणि पंचांना दोन्ही बाजू चटकन ओळखू यायला हव्यात. मास्किंग टेपच्या कडेवर आधी पातळ क्लिअरचा (पारदर्शक थराचा) हात द्या, रंग टेपखाली झिरपत नाही.

क्लिअर कोट तुम्ही कुठलं इंजिन घालताय त्यावर ठरवा. ग्लो इंजिनच्या इंधनातलं मेथनॉल नायट्रोसेल्युलोज आणि साधे स्प्रे-कॅन सहज विरघळवतं. परदेशात त्यासाठी ब्युटिरेट डोप असतो. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतं, उलट केलं तर नीट धरत नाही. आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे गाड्या रंगवणाऱ्यांचं टू-के (हार्डनर मिसळून मारायचं) क्लिअर. ते इंधनाला दाद देत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्कने भागत नाही. गॅरेजवाल्याकडून त्याच्या बूथमध्ये मारून घ्या, आणि “दोन पातळ हात, गाडीसारखं नको” असं समोर उभं राहून सांगा. इंजिनची खोली आणि टाकीची जागा आतून पातळ इपॉक्सीने आधीच बंद करा, नाहीतर इंधनातलं एरंडेल लाकडात मुरतं आणि नाक कुजल्यासारखं मऊ पडतं. इलेक्ट्रिक मोटर आणि टायमर लावणार असाल तर ही सगळी कटकट संपली, साधं पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक क्लिअर पुरतं. ग्लो इंधन मिळवायची इथली यातायात बघता मी तरी आज नव्या माणसाला इलेक्ट्रिकच सुचवेन, आवाजाची मजा गेली तरी.

अमेरिकेतल्या त्या विमानांच्या चकाकीचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टंट विमानांना दिसण्याचे 20 पर्यंत गुण मिळतात आणि गुणांप्रमाणे विमानं रांगांत मांडतात, म्हणून तिथले लोक 2000 च्या पेपरने पाण्यात घासून, रबिंग कंपाउंड लावून महिने घालवतात. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या एफ टू बी या कंट्रोल लाइन स्टंट प्रकारात दिसण्याला गुण नाहीत. तुम्ही स्पर्धेत उतरणार नसाल तर 1000 चा पाणीपेपर आणि थोडं कार पॉलिश एवढ्यावर थांबायला हरकत नाही. मात्र क्लिअर मारल्यावर दोन आठवडे तरी थांबून मगच घासा.

हे सगळं करण्याआधी एका टाकाऊ बाल्सा फळीवर सीलरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर त्याच क्रमाने चढवा, वाळवा, वर इंधनाचा बोळा पाच मिनिटं ठेवा. चिकट झालं तर तो क्रम विमानावर नको.