अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, होण्याआधी डॉ. सी. एव्हरेट कूप नेमकं काय करत होते?

लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, आणि त्याही तीन दशकांहून अधिक काळ. १९४८ ते १९८१ ते फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात मुख्य सर्जन होते. सिगारेट आणि एड्सवरच्या स्पष्ट भूमिकेमुळे जगाला ते १९८२ नंतर माहीत झाले, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम आधीचंच. त्यांनी सुरुवात केली तेव्हा तान्ह्या बाळाला भूल देणंच जोखमीचं होतं. अन्ननलिका जन्मतः अपुरी असेल तर बाळ दूध गिळू शकत नाही, लाळ फुप्फुसात जाते. अशी बाळं तेव्हा बहुधा दगावत. कूप यांनी मुलांसाठी सुरक्षित भूल देण्यावर भर दिला आणि १९५६ मध्ये नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी खास अतिदक्षता विभाग उभारला. तो अमेरिकेतला पहिला मानला जातो. शस्त्रक्रिया कितीही नीट झाली, तरी नंतरचे काही दिवस लक्ष ठेवायला हाताशी लोक नसतील तर बाळ हातचं जातं, हे त्यामागचं साधं कारण. जोडलेल्या जुळ्यांना वेगळं करण्याच्या शस्त्रक्रियांमुळे वर्तमानपत्रांत नाव झालं, ते वेगळं. त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने जपली आहेत, बराच भाग ऑनलाइन वाचता येतो.

फक्त त्यांना ‘अमेरिकेतले पहिले बालशल्यचिकित्सक’ म्हणू नका. तो मान बॉस्टनच्या विल्यम लॅड यांना देतात, आणि कूप स्वतः काही महिने तिथे शिकायला गेले होते.